थायरॉइड माझा, मीठ सगळ्यांचं

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ३४ वर्षांच्या. रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या गावात एकत्र कुटुंबात राहतात. घरात सासू-सासरे, नवरा, सात वर्षांची मुलगी, दीर आणि चार महिन्यांची गरोदर जाऊ. वजन वाढतंय, केस गळतायत, दुपारी डोळे मिटायला लागतात, म्हणून रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूकडचा संदेश, ग्रंथी मंदावली की तो वाढतो) १४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवरच उलटलेली प्रतिपिंडं) बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली, ती तीन आठवडे घेतली. तेवढ्यात ठाण्याच्या मोठ्या नणंदबाई आल्या. त्यांनी निसर्गोपचाराचा ऑनलाइन कोर्स केलाय. ‘हे सगळं आयोडीनच्या मिठानं होतंय, ते बंद कर, गोळी लागणारच नाही,’ असं त्यांनी सांगितलं. पाकिटातलं मीठ घरातून गेलं आणि शेंदेलोण आणि ओळखीच्या मिठागरावरचं खडे मीठ आलं. सासूबाई खूश, कारण त्यांच्या माहेरी हेच मीठ असायचं. इकडे नवऱ्याच्या जिममधल्या मित्राचं म्हणणं नेमकं उलटं: थायरॉइड होतो तो आयोडीन कमी पडल्यानं, केल्पच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या, कॅप्सूल घ्या. त्यानं डबीही आणून दिली, एका कॅप्सूलमध्ये ५०० मायक्रोग्रॅम आयोडीन. ‘दोन महिने गोळी बंद आहे, डबी अजून फोडलेली नाही. दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. मला आयोडीन बाधलंय की कमी पडलंय? कुणाचं ऐकू?’

ताई,

आधी गोळीचं बोलू, मिठाचं मागाहून. टीएसएच १४ आणि सोबत अँटी-टीपीओ वाढलेलं, याचा साधा अर्थ असा की शरीराची प्रतिकारशक्ती तुमच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे आणि ग्रंथीला पुरेसं संप्रेरक करणं झेपेनासं झालंय. गोळीत तेच संप्रेरक असतं, ग्रंथी जेवढं कमी करते तेवढी भर घालायला. ही भर रक्तात स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात आणि गरज असेल तर डोस बदलतात. तुम्ही तीन आठवड्यांत थांबलात, म्हणजे गोळीला धड संधीच मिळाली नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि दोन महिने गोळी बंद होती हे सरळ सांगा. रागावले तर रागावू द्यात. पण ते न सांगता नुसता नवा रिपोर्ट पुढे ठेवलात, तर गोळी चालू असूनही टीएसएच वाढलंय असं समजून ते डोस वाढवतील.

दुसऱ्या बाळाचा विचार आहे म्हणून तर मी एवढी घाई करतेय. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काळात गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. मेंदूची जडणघडण आईच्या संप्रेरकावर चाललेली असते. टीएसएच ताब्यात आल्यावर डॉक्टरांना विचारूनच पुढचं ठरवा. आणि दिवस राहिल्याचं कळलं की लगेच त्यांना कळवा, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. अशा वेळी डोस साधारण पाव हिश्श्यानं किंवा थोडा जास्तच वाढवावा लागतो.

तुमच्या वन्संना सांगण्यासारखी एक गंमत आहे. या गोळीतल्या थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, आणि गोळीतल्या औषधाचं जवळजवळ दोन तृतीयांश वजन आयोडीनचंच असतं. तुमची ग्रंथी जे संप्रेरक करते तेही हेच. आयोडीन शरीरात नकोच, असं म्हणायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही.

आता मीठ. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुमच्यापेक्षा जाऊबाईंच्या ताटाशी जास्त थांबले. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली गेलीय: घरातलं मीठ कोणतं असावं, हे तुमच्या रिपोर्टवरून ठरवायचं. वन्संनी तसंच धरलं, जिमच्या मित्रानंही तसंच. पण त्या बरणीतून सात माणसं जेवतात, आणि आठवं अजून पोटात आहे. मिठात आयोडीन घालण्याचं धोरण कुणा एका रुग्णासाठी आखलेलं नाही, ते अख्ख्या लोकसंख्येसाठी आखलेलं आहे. त्याचा फायदाही तसाच मोजायचा आणि तोटाही.

तोटा आहे का? आहे. वन्संचं बोलणं अगदीच हवेतलं नाही, आणि त्यांना खोटं पाडून तुमच्या हाती काही लागणार नाही. चीनमध्ये तीन ठिकाणी लोकांना पाच वर्षं तपासण्यात आलं आणि ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पानशानमध्ये लोकांच्या आहारात आयोडीन थोडं कमी होतं, चांगवूमध्ये गरजेपेक्षा जास्त, आणि ह्वांगह्वामध्ये फारच जास्त. लघवीतल्या आयोडीनचा (त्यावरून आहारातलं कळतं) मध्यांक, म्हणजे मधला आकडा, अनुक्रमे लिटरमागे ८४, २४३ आणि ६५१ मायक्रोग्रॅम. पाच वर्षांत थायरॉइडचं काम किंचित मंदावण्याचं नवं प्रमाण होतं ०.२, २.६ आणि २.९ टक्के. जिथं आयोडीन जास्त, तिथं ग्रंथीवर शरीरच उलटण्याचे प्रकारही जास्त. म्हणजे आयोडीन वाढलं की काही जणांत हा आजार डोकं वर काढतो, हे खरं आहे.

डेन्मार्कचं उदाहरण तर मला याहून बोलकं वाटतं. त्यांनी १९९८ मध्ये मिठात आयोडीन घालायला ऐच्छिक परवानगी दिली आणि २००० पासून घरगुती मिठात आणि पावाच्या मिठात ते सक्तीचं केलं, तेही सुरुवातीला अगदी जपून. त्याआधीपासूनच त्यांनी लोकांच्या थायरॉइडची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. पुढं काय झालं? मानेवरच्या गाठी कमी झाल्या. थायरॉइड जोरात चालण्याचे रुग्ण आधी वाढले, मग पूर्वीपेक्षाही कमी झाले. आणि थायरॉइड मंदावण्याचे रुग्ण मात्र वाढले ते वाढलेलेच राहिले. हे सगळं आकड्यांनिशी समोर असताना डेन्मार्कनं २०१९ मध्ये काय केलं असेल? मिठातलं आयोडीन किलोमागे १३ मिलिग्रॅमवरून २० वर नेलं. लोकांना ते अजूनही थोडं कमीच पडतंय असं त्यांना दिसलं होतं. मंदावलेल्या थायरॉइडवर स्वस्त गोळी आहे, रोज एक. गर्भात आयोडीन न मिळालेल्या मेंदूवर गोळी नाही. त्यांनी हा हिशेब मांडला आणि मला तो पटतो.

तुम्हाला झालेला आजार मात्र मिठातल्या आयोडीनपेक्षा जुना आहे. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदानं चार बायकांच्या ग्रंथी तपासून १९१२ साली त्याचं वर्णन केलं. स्वित्झर्लंडनं मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली ती १९२२ मध्ये. (जपानी लोक समुद्रशेवाळ भरपूर खातात, हा मुद्दा वन्संनी काढलाच तर तो त्यांना द्या, योग्य आहे.) हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, घराण्यातून चालत येतो, आणि बाळंतपणानंतर किंवा तिशी-चाळिशीत वर येतो. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला आहे का, हे विचारून बघा. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मिठापेक्षा ते विचारणं जास्त उपयोगी आहे.

‘पूर्वी कुणाला थायरॉइड नव्हता, आता घरोघरी आहे,’ असं सासूबाई म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. घरोघरी आहे हे खरं. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत केलेल्या एका पाहणीत, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावलेला आढळला. पण पूर्वी नव्हता, हे कशावरून? सासूबाईंच्या तरुणपणी टीएसएच कोण तपासत होतं? कामाच्या रगाड्यानं थकलेली, अंगानं सुटलेली, पाळी अनियमित झालेली बाई ‘वयच झालं’ म्हणून सोडून दिली जायची. आज हेल्थ चेकअपच्या कुठल्याही पॅकेजमध्ये टीएसएच फुकटात मिळाल्यासारखा असतो. शिवाय पूर्वी काहीच नव्हतं असंही नाही. गलगंड हा शब्द आपल्याकडे उगाच आला नाही.

कांगड्याची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण मिठाच्या वादात ती कुणी सांगत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी बर्फ आणि पाऊस मातीतलं आयोडीन धुऊन नेतात. तिथल्या पिकांत ते उतरत नाही, म्हणून माणसांतही नाही. कांगडा खोऱ्यात शाळकरी मुलांपैकी साधारण दहातल्या चौघांच्या गळ्याला गलगंड होता. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ पोचवलं, तिसऱ्यात साधं. सहा वर्षांनी पहिल्या दोन भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं आणि तिसऱ्यात होतं तिथंच होतं. मग तिसऱ्या भागालाही तेच मीठ दिलं आणि तिथंही प्रमाण उतरलं. त्याच बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून ‘आयोडीन न्यूनता विकार’ असं केलं गेलं, कारण तोवर कळून चुकलं होतं की गळ्यावरची गाठ हा त्यातला दिसणारा आणि त्यातल्या त्यात सौम्य भाग आहे. गर्भपात, मृत जन्म, बहिरेपण, खुंटलेली वाढ, मंद बुद्धी हे सगळं त्याच कमतरतेच्या पोटात येतं. जगात टाळता येण्यासारख्या बौद्धिक अपंगत्वाचं हे सर्वांत मोठं कारण मानलं जातं.

कमतरता थोडीशी असली तर चालते, हेही गृहीत धरू नका. ब्रिटनमधल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. गळ्यावर गाठ वगैरे काही नाही, चांगलं खाणाऱ्यापिणाऱ्या बायका. पण ज्यांना गरोदरपणी आयोडीन थोडं कमी पडलं होतं, त्यांची मुलं आठव्या-नवव्या वर्षी भाषिक बुद्ध्यंकात आणि वाचनात मागे पडण्याचं प्रमाण जास्त होतं.

‘ते हिमालयाचं झालं, आम्ही तर समुद्रकाठचे,’ असं तुमच्या घरात कुणीतरी नक्की म्हणेल. बरीच वर्षं सरकारही तसंच मानत होतं. मग इतर राज्यांत पाहण्या झाल्या. देशभर तपासलेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत गलगंडाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर निघालं. आयोडीन कमी पडण्यासाठी डोंगर लागत नाही.

आणि मिठागरावरच्या मिठाचा हिशेब तुम्हीच करून बघा, कठीण नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असतं जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम. पाणी आटताना त्यातला एक कणही वाया गेला नाही असं मानलं, तरी एका ग्रॅम मिठात दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅम येईल. एखादं माणूस दिवसाला आठ ग्रॅम मीठ खातं असं धरलं तर झाले फार तर चौदा. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली प्रौढ माणसाची गरज आहे रोज १५० मायक्रोग्रॅम, तुमच्या मुलीच्या वयाला १२०, आणि गरोदर बाईला २५०. समुद्रातलं आयोडीन मासळीत आणि शेवाळात साठतं, मिठाच्या खड्यात नाही. शेंदेलोणाची तीच गत. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे आहे, आयोडीनशी त्याचा संबंध नाही. सासूबाईंना बीपी आहे म्हणून शेंदेलोण बरं, असं तुम्ही म्हणता, तर तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. बीपीसाठी मीठ कमी करायचं असतं. मिठाचा रंग बदलून बीपी उतरत नाही.

याउलट पाकिटातल्या मिठाचं बघा. दुकानात पोचेपर्यंत त्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असलं पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम. आठ ग्रॅमचे झाले १२०. शिजवण्यात साधारण पाचवा हिस्सा गेला तर उरले शंभराच्या आसपास. कारखान्यातून निघताना असतं तसं ३० असेल, तर याच्या दुप्पट. म्हणजे हे प्रमाण तुमची गरज कशीबशी भागवेल एवढंच आहे. ह्वांगह्वामधल्या लोकांइतकं आयोडीन पोटात जायचं तर रोज निदान ३० ग्रॅम मीठ खावं लागेल. तिथं पिण्याच्या पाण्यातच ते जास्त होतं. आपल्याकडे २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत बायकांच्या लघवीतल्या आयोडीनचा मध्यांक पुरेशा पट्ट्यातच होता. आणि तरीही पुरेसं आयोडीन असलेलं मीठ ७६.३ टक्केच घरांत होतं. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात आता तुमचं घर आलंय, आणि तेही नेमकं घरात गरोदर बाई असताना.

राजकारणाचं एका वाक्यात: ‘कंपन्यांचा धंदा’ हा वन्संचा आक्षेप जुना आहे. साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली, २००६ मध्ये पुन्हा लागली. मधल्या काळात आयोडीनच्या मिठाचा वापर घसरला. धंदा मिठातही आहे आणि शेंदेलोणातही. गुलाबी पाकिटाची किंमत बघा म्हणजे कळेल.

आता केल्प. हे मी तुम्हाला ठाम सांगते: डबी उघडू नका. एका कॅप्सूलमध्ये ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे दिवसाच्या गरजेच्या तिपटीहून जास्त. शिवाय अशा गोळ्यांत लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं दर वेळी जुळतंच असं नाही. निरोगी ग्रंथी आयोडीनचा असा लोंढा आला की काही दिवस काम थांबवते आणि मग पुन्हा रुळावर येते. हा परिणाम वोल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये दाखवून दिला. अँटी-टीपीओ असलेल्या ग्रंथीला मात्र पुन्हा रुळावर येणं नेहमी जमत नाही. ती बंदच पडून राहते. जपानच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर रोज भरपूर शेवाळ खाणाऱ्यांमध्ये गलगंड आढळला होता, आयोडीन जास्त झाल्यामुळे. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर १९६६ मध्ये पावात आयोडीन घातल्यावर थायरॉइड अतोनात चालू लागल्याचे रुग्ण वाढले. त्यात बरेचसे वयस्क होते, वर्षानुवर्षं गाठी घेऊन जगलेले. तुमच्या सासऱ्यांच्या गळ्याशी जुनी गाठ असेल तर त्यांनीही त्या डबीपासून लांबच राहिलेलं बरं.

म्हणजे वन्संचा सल्ला ज्यांना लागू पडतो अशी माणसंही आहेत. जपान-कोरियात रोज शेवाळ खाऊन थायरॉइड मंदावलेल्या काही रुग्णांचं शेवाळ बंद केल्यावर काम पूर्ववत झालंय. तुम्ही वरण-भात, बांगडा आणि घावणे खाणाऱ्या. तुमच्यात काढून टाकण्याएवढं आयोडीन मुळात कधी साठलेलंच नाही. केल्प सुरू केलंत तर मात्र तुम्ही आपल्या पायांनी त्या रुग्णांच्या रांगेत जाऊन उभ्या राहाल. दोन सल्ले उलटे दिसतात, पण दोघांनीही एकच धरून चालवलंय की तुमचा आजार आयोडीनच्या मापानं घडलाय आणि आयोडीनच्याच मापानं जाईल.

लघवीतलं आयोडीन तपासू का, असं तुम्ही विचारलंय. पैसे घालवू नका. आदल्या दिवशी काय खाल्लं यावर ते खालीवर होतं. शेकडो लोकांचे नमुने एकत्र करून गावाची स्थिती कळते, एका माणसाची नाही. कोबी, फ्लॉवरनं थायरॉइड बिघडतो असं ऐकलं असेल, पण ते शिजवून खायला काही हरकत नाही. बाजरीनं गलगंड होतो असं तुम्ही वाचलंय ते सुदानमधल्या दारफूरचं आहे. तिथं बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनचा पत्ता नाही. संक्रांतीच्या बाजरीच्या भाकरीनं तुमच्या टीएसएचला काही होणार नाही.

जाऊबाईंचं आता. घाबरून जाऊ नका. आधी आयोडीन नीट मिळत असेल तर ग्रंथीत काही आठवडे ते काही महिने पुरेल एवढा साठा असतो. पण तो साठा गरोदरपणात झपाट्यानं वापरला जातो. आणि तुम्ही लिहिलंय की त्या माळकरी आहेत, म्हणजे मासळी-अंडीही नाहीत. राहिलं दूध-दही, ते रोज घेतायत का बघा. आजपासून त्यांच्या जेवणात आयोडीनचंच मीठ जाऊ दे. पुढच्या तपासणीला मिठाबद्दल आणि घरातल्या तुमच्या थायरॉइडबद्दलही डॉक्टरांना सांगा, आणि टीएसएच झालाय का विचारा. सरकारी दवाखान्यातल्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीत आयोडीन नसतं. बाहेरून मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यात असू शकतं. लेबल वाचा. वेगळी आयोडीनची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

राहिली घरातली गोष्ट, आणि मला वाटतं तुमचं खरं अडलंय ते इथंच. दोन महिन्यांपूर्वी वन्संच्या शब्दावर बदललेलं मीठ पुन्हा बदलायचं म्हणजे त्यांचा अपमान, आणि सासूबाईंच्या हातचं खडे मीठ काढायचं म्हणजे आणखी एक. म्हणून बरणी काढून टाकू नका, दोन ठेवा. खडे मीठ लोणच्याला, मासळी खारवायला, कैऱ्यांना, हवं तर सासूबाईंच्या एकादशीला शेंदेलोण. आमटी-भाजीचं, पिठात घालायचं, ताटात वाढायचं मीठ आयोडीनचं. तुम्हाला शेंदेलोणच आवडत असेल तर ज्या पाकिटावर आयोडाइज्ड असं लिहिलंय ते घ्या, तशी मिळतात. बरणी झाकणाची हवी, शेगडीपासून लांब, आणि पावसाळ्यात ओला चमचा आत नको. शक्य तिथं मीठ भांडं उतरवायच्या जरा आधी घाला. घरात मीठ कमी खायचं ठरलं असेल तर उत्तमच, पण जे कमी खाल ते आयोडीनचं खा. आशाताईंकडे मीठ तपासायचं छोटं किट असतं. दोन्ही बरण्यांतलं चमचाभर मीठ त्यांना दाखवा. द्रावाचा थेंब पडला की आयोडीनचं मीठ निळं-जांभळं होतं. सासूबाईंना समोर बसवून हे करा. मी सांगितलेल्या आकड्यांपेक्षा त्यांना ते लवकर पटेल.

वन्संशी वाद घालायची गरज नाही. ‘जावेसाठी मीठ बदललंय, डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं बास. नणंद म्हणून त्यांनाही येणारं बाळ हवंच आहे. आणि तुमच्या गोळीबद्दल त्यांनी विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

गोळी सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या ते एका तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ देत. केसांसाठी बायोटिन घेत असाल (केस गळणाऱ्या बहुतेक जणी घेतातच) तर रक्त द्यायच्या दोन दिवस आधी बंद करा, त्यानं रिपोर्ट खोटा येऊ शकतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, शक्यतो त्याच लॅबमध्ये. तेव्हा आकडा उतरलेला दिसला तर ते गोळीचं काम, मिठाचं नव्हे, हे घरात आधीच सांगून ठेवा. नाहीतर कुणीतरी त्याचं श्रेय घेऊन गोळी पुन्हा बंद करायला लावेल. केल्पची डबी डॉक्टरांकडे जाताना पिशवीत टाका, लेबल त्यांना वाचू दे, आणि मग ज्यानं आणली त्याला परत करा. त्यानंही अजून थायरॉइड तपासलेला नसेल, तर आधी तपासून घे म्हणावं.